भावाचा पुरावा

आमच्या आत्याच्या हातून कुठलाही कागद पहिल्या फेरीत पार झाला नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन होणारे व्याही मोठ्या हौसेने आले, कॉफी झाली, ख्यालीखुशाली झाली, आणि आत्याने पत्रिका चष्म्याजवळ धरून विचारलं, "मुहूर्त साडेनऊ. सकाळी की रात्री? ते कोठें लिहिलंय?" व्याही हसले. त्यांना ही थट्टा वाटली. आत्याने त्या जागी पेन्सिलीने बारीक टिंब केलं आणि पत्रिका परत दिली. तंजावूरच्या सरकारी कचेऱ्यांत अर्जाला अशी हरकत लागली की तिला 'क्वेरी' म्हणतात, म्हणून राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती क्वेरी आत्या झाली. हे नाव तिच्या कानावर होतं. ते कुठे नोंदलेलं नाही, एवढीच तिची त्यावर हरकत होती.

तालुका कचेरीत रहिवासी दाखल्यांचं टेबल तिच्याकडे होतं. एखादा मनुष्य याच गावचा आहे, हे सरकारतर्फे ती सांगायची. लोक जन्मभर गावात राहत, पण आत्याने सही करेपर्यंत ते तिथे राहतात यावर कोणी विश्वास ठेवायचं कारण नव्हतं. ती लाच घेत नसे. त्यामुळे काम लवकर होण्याचा जो एक रुळलेला मार्ग, तोही तिच्या टेबलाशी बंद होता. प्रामाणिकपणाचा एवढा त्रास लोकांना दुसऱ्या कुठल्याही कचेरीत झाला नसेल. कोणी गयावया करू लागलं की ती शांतपणे म्हणे, "तोंडानं कोणीही काही सांगेल. कागद काय सांगतो ते बघायचं की."

कॉलेजच्या प्रवेशासाठी मला दाखला हवा होता तेव्हा मी निर्धास्त होते. घरचीच आत्या, काळजी कसली! तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नाव?" बारशाला हेच नाव तिने माझ्या कानात सांगितलं होतं. मी मुकाट्याने सांगितलं. माझ्या वडिलांची, अप्पांची, सही चौकटीबाहेर गेली होती म्हणून अर्ज परत आला. त्याच संध्याकाळी तिने मला जवळ बसवून दहीभात आणि डांगर पच्चडी वाढली. मी फुरंगटून बसले होते, तर म्हणाली, "घर वेगळं, सेक्शन वेगळं. जेव आता." मला तिचा भयंकर राग आला होता, आणि पच्चडी मी दोनदा घेतली.

निवृत्तीनंतर नव्या बसस्टँडच्या बाजूला तिने लहानसं घर बांधलं. लग्न केलेलं नव्हतं, अप्पाही तोवर गेले होते. अशात तिचा धाकटा भाऊ, आमचा सुंदरकाका, कॅनडाहून कायमचा परत आला.

काका तरुणपणी तिकडे गेला होता. तिथे राहायच्या परवान्यासाठी त्याने इतके कागद गोळा केले होते की तिकडच्या थंडीपेक्षा त्याला तिकडच्या पाकिटांची भीती वाटे. घराचा करार, नोकरीचं पत्र, लग्नाचा दाखला, दाखल्याचं भाषांतर, भाषांतर करणाऱ्याचा दाखला. दर नूतनीकरणाला नवं काहीतरी निघे. तो म्हणायचा, "रांगेत उभं राहून पाय दुखले म्हणून मी नागरिक झालो. देशप्रेम नंतर आलं, तेही थोडं." काकू गेली, मुलं आपापल्या गावी पांगली, आणि काकाला वाटलं, आता उरलेले दिवस आक्काकडे काढावे. तिथे तरी कोणी कागद विचारणार नाही. आपल्या आक्काबद्दल मनुष्य इतका गाफील कसा राहू शकतो, ते मला अजून कळलेलं नाही.

परदेशी पारपत्रावर आलेला काका तंजावुरात परदेशी होता. जास्त दिवस राहायचं तर ठरल्या मुदतीत नोंदणी हवी, आणि 'हा परदेशी मनुष्य माझ्याकडे राहतो' असं घरमालकाचं सहीचं निवेदन हवं. मुदत चुकली तर परत विमान. काकाने कागद भरून आत्यापुढे ठेवला आणि पेनचं टोपणही काढून दिलं. त्याला नुसती सही हवी होती.

आत्याने कागद दोनदा वाचला. मग पेन्सिल घेतली.

"परदेशी मनुष्याशी नातं. इथं भाऊ लिहिलंयस."

"मग काय लिहू?"

"खाली बघ की. पुरावा जोडावा."

"आक्का, तूच पुरावा की!"

"मी पुरावा कशी? मी घरमालकीण."

काकाने कपाळावर हात मारला. "आपण मराठे अस्के, सगळेच, घोड्यावर बसून या गावात आलो, तेव्हा कोणी परवाना विचारला होता काय?"

"तेव्हा सेक्शन नव्हतं," आत्या म्हणाली आणि कॉफी ठेवायला आत गेली.

मग पुराव्याचा शोध सुरू झाला. घरातल्या पेट्या मी आणि काकाने उपसल्या. जन्मनोंदीत नुसतं 'पुरुष अपत्य' होतं, नाव नव्हतं. शाळेचे दाखले कॅनडात घर बदलताना गेले होते. फोटोत दोघं होती, पण फोटोच्या मागे कोणी शिक्का मारलेला नव्हता. शेवटी काका म्हणाला, "जुनं रेशनकार्ड! त्यात अस्क्यांची नावं असतात." कार्ड निघालं. आजोबा, आजी, अप्पा, आत्या. आणि खाली काकाच्या नावावर लाल रेघ, बाजूला कचेरीची सही.

आमच्या गल्लीतली निम्मी मुलं अमेरिकेत साखर सोडून बसली होती आणि त्यांच्या नावची साखर इथे दरमहा येत होती. आत्याने मात्र काका विमानात बसला त्याच्या पुढच्याच आठवड्यात रीतसर अर्ज देऊन त्याचं नाव कमी करवलं होतं.

"तूच काढलंस?" काकाने विचारलं.

"तू नव्हतास की घरात," आत्या म्हणाली. पण तिने कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि बराच वेळ मिटलं नाही. त्या रेघेकडे बघताना तिचा चेहरा एवढासा झाला. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती, आणि तिच्यावरचा माझा जुना राग तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नोंदणीच्या कचेरीत गेलो. मुदत संपत आली होती. तिथला अधिकारी तरुण आणि अतिशय सभ्य होता. त्याने अडचण ऐकून घेतली आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, एवढं कशाला? भाडेकरू लिहा. वीस रुपयांच्या स्टँप पेपरवर करार करा. संध्याकाळपर्यंत काम होऊन जाईल." भाडेकरू सिद्ध करायला स्टँप पेपर पुरतो. भाऊ सिद्ध करायची सोय नाही.

काका आनंदाने उठलाच. आत्या बसून राहिली.

"हा माझा भाडेकरू नव्हे."

"सरी, बरं आक्का, पण कागदावर तर असू दे!"

"कागदावर तर मुळीच नव्हे."

"मला परत पाठवतेस तू!" काका ओरडला. बाकावरची माणसं वळून बघू लागली. "तेव्हा कार्डातून काढलंस, आता घरातून काढ. पोदुम, पुरे की आता!" त्याचे डोळे भरले होते. तिकडे त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आत्याने माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला. आयुष्यभर तिने ज्या तऱ्हेचे अर्ज फेकल्यासारखे परत केले, तसा अर्ज ती स्वतः लिहायला बसली. तमिळमध्ये, सावकाश, एकाही खाडाखोडीशिवाय. हा माझा पाठचा भाऊ. हा जन्मला तेव्हा मी दाराबाहेर बसले होते. चालायला लागेपर्यंत मी याला कडेवर वागवलं. याच्या खांद्यावरचा डाग माझ्या हातून सांडलेल्या गरम पाण्याचा आहे. कार्डातलं याचं नाव मीच कमी करवलं. दुसरा पुरावा नाही. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवावा.

शेवटचं वाक्य लिहिताना तिचा हात थांबला होता. मी बाजूलाच होते, म्हणून पाहिलं.

अधिकाऱ्याने कागद वाचला, आतल्या खोलीत नेला. आम्ही भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसलो. काका आत्याशी बोलत नव्हता, पण त्याने आपली पाण्याची बाटली तिच्या बाजूला सरकवून ठेवली होती. बऱ्याच वेळाने अधिकारी बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब म्हणाले, घ्या." आत्याने त्याला विचारलं, "कोणत्या नियमाखाली?" काकाने तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

परवाना आला. त्यात पत्त्याच्या ओळीत 'बहिणीकडे' असं लिहून पुढे आत्याचं पूर्ण नाव होतं. तिने तो उलटसुलट वाचला आणि टिंब न करता काकाच्या हातात दिला. मग दोघं एकमेकांना छळत मजेत राहिली. काका सकाळी ऑटोवाल्यांशी कॅनडाच्या बर्फाबद्दल थापा मारी, आत्या खिडकीतून त्यातल्या चुका काढी. नूतनीकरणाची वेळ आली की आत्या आठवडाभर आधीच तयारीला लागे.

गेल्या वर्षी आडि महिन्यात, आषाढाच्या सुमारास, दुपारी जरा पडते म्हणून आत्या आडवी झाली, ती उठली नाही.

मृत्यूची नोंद करायला मी आणि काका गेलो. काउंटरवरच्या बाईंनी खबर देणाऱ्याचं आधारकार्ड मागितलं. मी माझं काढलं, पण काकाने माझा हात मागे केला. "मी देणार खबर. माझी आक्का होती ती."

"तुमचं आधार?"

"नाही."

"मग तुम्ही त्यांचे कोण, ते कशावरून?"

काकाने शर्टाच्या खिशातून परवाना काढला आणि खिडकीतून आत सरकवला. बाईंनी पत्त्याची ओळ बोटाने वाचली. मग नात्याच्या रकान्यात 'धाकटा भाऊ' असं लिहिलं, कागद परत दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.