मार्थामावशींनी सोडलेली खाट

मार्थामावशी माणसांसाठी प्रार्थना करायच्या ती नावानं नाही, खाटेच्या नंबरानं. रामदासपेठेतल्या एका जुन्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात त्या आया होत्या. सकाळी फरशी पुसून झाली, की ओले हात पदराला पुसत प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी थांबायच्या आणि डोळे उघडे ठेवूनच पुटपुटायच्या, "देवबापा, चार नंबर. बिचारीले जेवण जात नाही." या देवाशी बोलतात की कोठीतून सामान मागवतात, असं मला वाटायचं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. त्या खुदकन हसल्या.

"नाव घेतलं का आडनाव येते वं. आडनाव आलं का मन इकडंतिकडं जाते. नंबराले आडनाव नसते."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. त्यांची ओळख झाली ती माझ्या आईमुळे. न्यूमोनिया झालेली आई सात नंबरवर, खिडकीशी होती. ते दिवस मला धुक्यातून दिसावेत तसे आठवतात. खिडकीतलं पिवळं ऊन, ऑक्सिजनची बुडबुड, मावशींचं गुणगुणणं. आई जागी आहे की झोपेत, कळत नसे, माझंही तेच.

बारा नंबरवर खापरखेड्याच्या कॉलनीतली एक बाई होती. मावशींनी पाण्याचा गिलास पुढे केला, तो तिनं ढकलून दिला होता. "तुमच्या हातचं नको." मावशींनी लुगड्यावरचं पाणी झटकलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मग मावशींना तीन दिवसांसाठी काटोलला जायचं होतं. तिथल्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत उपास-प्रार्थना होती. जाताना म्हणाल्या, "घाबरू नको पोरी. सात नंबरासाठी अख्खी मंडळी गुडघे टेकणार आहे." मला देवाधर्माचं फारसं काही नव्हतं, पण त्या दिवशी मी त्या शब्दांना घट्ट धरून बसले.

दुसऱ्याच दिवशी आईचा श्वास वाढला. सिस्टरांच्या टेबलाजवळ हवी, म्हणून तिला बारावर हलवलं आणि खापरखेड्याच्या बाईंना सातवर.

तीन दिवस संपले तशा मावशी सकाळच्या पहिल्या बसनं परतल्या, हातातल्या पिशवीत संत्री. थेट सातकडे गेल्या. तिथे ती बाई मजेत उठून बसली होती, पोहे खात होती.

"पोहोचली तुमची प्रार्थना, मावशी," मी म्हणाले. "पत्ता तेवढा चुकला." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मावशी पिशवी घेऊन तिथेच फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "चुकला नाही वं. बारा नंबर मी रोज सोडून देऊन राहिली होती. तिनं गिलास ढकलला, तवापासून. तिच्यासाठी मी जन्मात मागितलं नसतं, म्हणून देवबापानं खाटच बदलली. आन मी सोडलेल्या खाटेवर तुही माय येऊन पडली."

उठून त्यांनी एक संत्रं सोललं आणि त्या बाईंपुढे धरलं. बाईंनी आधी मावशींकडे पाहिलं, मग संत्र्याकडे, आणि घेतलं. मग मावशी आईपाशी आल्या. "देवबापा, बारा नंबर," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर तीन दिवस त्यांची सकाळ बारापासून सुरू व्हायची. चौथ्या दिवशी दुपारी आई गेली.

कागदपत्रांची वाट पाहत मी व्हरांड्यात बसले होते. मावशी शेजारी येऊन बसल्या. "काहून, मावशी?" असं का, हे मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मले नाही माहीत. मी रुसली आहे त्याच्यावर." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "पण रुसली म्हणून त्याचं घर सोडून जाऊ कुठं? भरवसा तर त्याचाच आहे ना."

तेवढ्यात आतून हाक आली. बारावर नवा पेशंट येत होता. मावशींनी धुतलेली चादर ताणून घातली; मी दारात उभी राहून पाहत होते. माझ्या आईच्याच वयाची एक म्हातारी, भेदरलेली, कोणाचा तरी हात शोधत असलेली. मावशी पायथ्याशी उभ्या राहिल्या. ओठ हलले, आवाज निघेना. मग त्यांनी मला दारातून ओढत आत आणलं आणि माझा हात म्हातारीच्या पायावर ठेवला.

"आज माही जीभ उचलत नाही, पोरी. तू माग."

मी कुठल्याच देवाकडे कधी नीट काही मागितलं नव्हतं. आणि ती खाट माझ्या आईची होती. "हिला बरं कर," कसंबसं म्हणाले, आणि दुपारपासून अडकलेलं रडू तिथेच फुटलं. मावशींनी माझा हात सोडला नाही. माझं रडणं चालू असतानाच हळूच म्हणाल्या, "आमेन."