कार्मेलीनबायच्या दुकानाचे चार इंच

असं काही लिहून पाठवण्याची ही माझी पहिलीच वेळ. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आधीच सांगते, देवचार, राखणदार, भुतंखेतं यांतलं मी काहीच मानत नव्हते. हॉस्टेलवर मुली असल्या गोष्टी सांगायला लागल्या की मी म्हणायचे, जे टेपने मोजता येत नाही ते माझ्यासाठी नाहीच. मुली हसायच्या. आता वाटतं, एवढं ठासून बोलायला नको होतं... कारण माझ्या बाबतीत जे घडलं ते टेपनेच मोजलेलं आहे.

मी सिव्हिल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा चिऱ्याचं बांधकाम करणारे गवंडी, गाव मालवण तालुक्यातल्या कट्ट्याच्या पुढे. गेल्या उन्हाळ्यात मला इंटर्नशिप मिळाली ती किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सर्व्हेवर. काम अजून चालू आहे म्हणून शहराचं नाव देत नाही. मालवणच्या बाजूचं आहे, एवढं पुरे.

एसटी स्टँडवरून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला डाव्या हाताला अकरा दुकानांची एक ओळ होती. पुढे दुकान, मागे राहायची खोली, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. एके काळी बंदरावरचा सगळा माल इथे उतरायचा म्हणे. मी बघितली तेव्हा त्यातली आठ बंद होती. मालक मुंबईला, भिंतीतून पिंपळ उगवलेले, कौलं घसरून रस्त्यावर यायची. ती ओळ पाडून तिथे नवीन इमारत बांधायची, खाली दुकानं आणि वर खोल्या, असं ठरलं होतं. खरं सांगते, ते वाईट नव्हतं. मलाही ते काम पटलं होतं.

फक्त एक नियम होता. ज्याचं दुकान आतून एकशेवीस चौरस फूट किंवा जास्त भरेल, त्याला नवीन इमारतीत दुकान आणि वर खोली. कमी भरलं तर नुसती भरपाई.

सात नंबरचं दुकान कार्मेलीनबायचं. साठी ओलांडलेली, एकटी, शिवणकाम करणारी. दोन्ही बाजूंची दुकानं बंद. शाळेचे युनिफॉर्म शिवण्यात तिचा हात कोणी धरत नसे. माझा पाचवीचा युनिफॉर्म तिनेच शिवलेला, आणि तोच उसवून वाढवून मी आठवीपर्यंत घातला. हे मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “चेडवा, अशी शंभर पोरां वाढयलंय मी. तुझी उंची खंय लक्षात रवतली?”

मी आणि ऑफिसचे शिपाई दाजी, आम्ही दोघांनी टेप धरला. दुकान पुढून मागे बारा फूट. रुंदी नऊ फूट आठ इंच. पुन्हा धरला, तेवढंच. रुंदी दहा असती तर बरोबर एकशेवीस झाले असते... भरले एकशेसोळा.

“किती गो?”

मी सांगितलं. नियमही सांगितला. तिने गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. “ह्येना बघ.”

शिवणाचा टेप साठ इंचांचा असतो. दोनदा लावला की दहा फूट. दुसऱ्यांदा लावला तेव्हा छप्पन्नवरच भिंत आली.

दाजी हळूच म्हणाले, “दहा लिव गो. कोण बघता हा?”

मला ते जमलं नाही. प्रामाणिकपणापेक्षा भीतीच जास्त असेल. फॉर्मवर माझी सही होती, सर्टिफिकेट मिळायचं होतं. मी नऊ-आठ लिहिलं. कॉलेजात शिकवलंय तसं मापाच्या दोन्ही टोकांना जमिनीवर पिवळ्या पेंट मार्करने, भिंतीला अगदी चिकटून, एकेक रेघ मारली आणि फोटो काढला.

“आता तू खंय जातलंस?” दाजींनी तिला विचारलं.

“भाच्याकडे. मडगावाक. चवथ्या माळ्यार रवता तो. मशीन नको हाडू म्हणता, खालच्यांक आवाज होता.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तोंड कशाक पाडतंस? आसा तां लिवलंस. चाय घे.”



आठवड्याने आमचे इंजिनियर साहेब तपासणीला आले. थोडक्यात हुकलेली दुकानं ते स्वतः मोजायचे. घाटावरचे, कडक, कोणाचा चहासुद्धा न घेणारे. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन होतं. कार्मेलीनबायने दुकान पूर्ण रिकामं केलं होतं. मशीन आणि कपाट मागच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर फक्त मदर मेरीची तसबीर.

साहेब चप्पल वाजवत आत आले, तशी ती उजव्या भिंतीपाशी गेली. एसटीत बाकड्यावर बसलेल्या बाईला सांगावं तशा आवाजात, भिंतीला हात लावून म्हणाली, “वायच सर गो.”

बस, एवढंच. प्रार्थना नाही, मेणबत्ती नाही, डोळेसुद्धा मिटले नाहीत. मला वाटलं मलाच सांगते आहे, म्हणून मी बाजूला झाले.

दाजींनी डाव्या भिंतीला टेप लावला, मी उजव्या. साहेबांनी वाकून वाचलं.

“दहा फूट.”

मी म्हटलं, “सर, नऊ-आठ...”

“काय नऊ-आठ? डोळे आहेत ना? बघ.”

बघितलं. दहा. टेप सैल नव्हता, वाकडा नव्हता, मधे काही आलेलं नव्हतं. साहेबांनी टोकं बदलून घेतलं, मागच्या बाजूला घेतलं, मधोमध घेतलं. मग पिशवीतून लेझर काढला. तीन पॉइंट शून्य चार आठ मीटर. म्हणजे दहा फूट.

“कॉलेजात हेच शिकवतात का? चार इंचांची चूक! एका बाईचं दुकान गेलं असतं ना तुझ्या पायी!”

मी मान खाली घातली. आणि मान खाली घातली म्हणूनच मला ती रेघ दिसली.

उजव्या भिंतीला चिकटून मारलेली माझी पिवळी रेघ भिंतीपासून सुटून पुढे होती... हातभर नाही, पंजाभर. रेघ आणि भिंत यांच्या मधे लाल कोब्याची एक पट्टी. नवीन वाटावी अशी नाही, तोडलेली-जोडलेली नाही. बाकीच्या जमिनीसारखीच झिजलेली, गुळगुळीत, जणू चाळीस वर्षं तिच्यावरून पाय गेलेत. मी खाली बसले आणि त्या पट्टीवर पंजा ठेवला. थंड होती. माझा पंजा तिथे बरोबर मावला.

भीती वाटली असं लिहिलं तर खोटं होईल. देवळात घंटा वाजून थांबते ना, त्यानंतर जसं होतं तसं काहीतरी झालं. मला उठवेना. साहेब बाहेर गेले होते. कार्मेलीनबाय माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण म्हणाली एवढंच, “उठ गो, कपड्यांक लाल लागतला.”

त्या दुपारी बंद दुकानांच्या किल्ल्या ऑफिसातून आणून मी एकटीने सगळं पुन्हा मोजलं. पलीकडचं आठ नंबर कमी झालं असेल असं वाटलं होतं. नाही, जेवढं होतं तेवढंच, त्यातली माझी रेघ भिंतीला चिकटलेली. सहा नंबरही तसंच. बाहेरून अख्ख्या ओळीची लांबी पहिल्या दिवसाचीच. म्हणजे आतल्या मापांची आणि भिंतींची बेरीज बाहेरच्या मापापेक्षा चार इंच जास्त येत होती. पायरीवर बसून मी ती बेरीज किती वेळा केली ते आठवत नाही. मागच्या भिंतीचा गिलावा पडला होता, तिथले चिरे मोजले. पहिल्या फोटोत होते तेवढेच.

रविवारी घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते हसले. “चिरो काय पाव आसा फुगाक? तुझा काय तरी चुकला.” पण माझं तोंड बघून दुसऱ्या दिवशी आपला टेप घेऊन माझ्याबरोबर आले.

त्यांनी मोजलं. नऊ फूट आठ इंच.

माझी रेघ पुन्हा भिंतीला चिकटून होती. जशी मी मारली होती तशीच.

बाबा भिंतीजवळ गेले. सांध्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “साहेबान मापल्यान तेवा किती होती?”

“दहा.”

“तू सोता बघलंस?”

“होय.”

“मगे गप रव.” आणि टेप गुंडाळून खिशात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बांधकामावर कधी पायातलं न काढणारे बाबा चपला बाहेर काढून आत आले होते.

निघताना मी कार्मेलीनबायला विचारलंच, तू काय केलंस?

“मी काय करतलंय? तिका सरूक सांगलंय. चाळीस वर्सां हय एकटी बसलंय, भिंतीशीच बोलतंय. त्या दिसा पयल्यांदा कायतरी मागलंय.” आणि तिने सुईत दोरा ओवला.

पावसाळ्यानंतर ती ओळ पाडली. यादीत तिचं नाव आहे. नवीन इमारतीचा पाया भरतोय, आणि ती मशीन घेऊन तात्पुरत्या पत्र्याच्या गाळ्यात शिवत बसलेली असते. येत्या वर्षी तिला दुकान मिळेल.

इथे कोणी सर्व्हेयर, इंजिनियर वाचत असतील तर मला नक्की सांगा, यात माझं काय राहून गेलं? टेप, उष्णता, डोळ्यांचा भास, साहेबांची दया... मी सगळं लावून बघितलं. लेझरला दया येत नाही. आणि ती रेघ तर मीच मारली होती.

कधी कधी वाटतं, ऑफिसला जाऊन सांगावं की दुकान नऊ-आठ आहे. पण मग दहा खोटं ठरेल, आणि ते खोटं नव्हतं. फॉर्मवर एकशेसोळावर काट आहे, शेजारी एकशेवीस लिहिलंय. नियमाप्रमाणे दुरुस्तीपाशी पुन्हा माझी सही आहे. दोन्ही मापं मी घेतली, दोन्हीवर मी सही केली. कोणी विचारलं तर दोन्ही खरी आहेत असंच मी सांगेन. कसं, ते मला सांगता येणार नाही.