लाडू कोणासाठी होता

माझी थोरली बहीण कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडलो नाही. रडलो तेराव्याला, आणि तेही संतापाने. डोंबिवलीतल्या तिच्या खोलीत पानं उठली, सुपारी फिरली आणि आमचा चुलतभाऊ दिलीप सुरू झाला, "ताईच्या लाडवाची गंमत माहितीये ना?" सगळे हसले. ज्यांनी तिला धड पाहिलंही नव्हतं, तेही हसले.

ती गंमत अशी. देश स्वतंत्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आम्ही कल्याणला राहत होतो. दिवाळीच्या तोंडावर दहा वर्षांच्या ताईने स्टुलावर डबा, डब्यावर पाट रचला आणि वरच्या फळीवरच्या लाडवांपर्यंत हात पोचवला. पाट सरकला. ती थेट खालच्या पिठाच्या परातीत! तोंड पांढरंफटक, हनुवटीतून रक्ताची धार, आणि मुठीत लाडू. नानाकाका पोट धरून हसले. "हनुवटी फुटली, पण बाईसाहेबांनी लाडू सोडला नाही!" तीन टाके पडले. व्रण कायमचा राहिला, आणि त्याच्याबरोबर 'खादाड' हे नावही.

या गमतीत मी कुठेच नाही. मी तेव्हा सहा वर्षांचा, तापाने अंथरुणात. आईने लाडू द्यायचा नाही म्हणून बजावलेलं, आणि मी सकाळपासून भोकाड पसरलेलं. ताई चढली ती माझ्यासाठी. दवाखान्यात नेण्याआधी तिने तो लाडू माझ्या मुठीत कोंबला. मी पांघरुणात तोंड घालून खाल्ला... आणि गप्प बसलो.

ती एकोणीस वर्षांची असताना ठाण्याहून, टेंभी नाक्याजवळची मंडळी तिला पाहायला आली. मुलाच्या आईने विचारलं, "हनुवटीला काय झालंय?" ताई तोंड उघडणार तोच नानाकाकांनी हातवारे करत सगळी गोष्ट रंगवली. मुलगा इतका हसला की बशीतला चहा सांडला.

"मी स्वतःसाठी चढले नव्हते," ताई म्हणाली.

"मग कोणासाठी गं? उंदरांसाठी?" नानाकाका म्हणाले.

पुन्हा हशा. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभा होतो. पंधरा वर्षांचा घोडा, एक वाक्य बोलता आलं नाही. आठवड्याने नकार आला. मुलगी उद्धट वाटली म्हणे! वडिलांनी तिलाच झापलं. त्यानंतर ती कोणासमोर पोहे घेऊन गेली नाही. शिक्षिकेचा कोर्स केला, डोंबिवलीच्या शाळेत नोकरी धरली, वेगळी राहिली.

लग्न झालं नाही याचं दुःख मला नाही, तिलाही नव्हतं. चीड याची आहे की एका मुलीचं रक्त सांडलं आणि सबंध घराने त्याचा विनोद केला, सत्तर-पंचाहत्तर वर्षं पुरवून पुरवून वापरला. सगळ्यात जास्त चीड माझी मला. म्हातारपणी एकदा धीर करून विचारलं, "तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते रे," ती म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.

तेराव्याला मी उठून ओरडलो, "लाडू माझ्यासाठी होता. मी खाल्ला तो!" दिलीप म्हणाला, "अरे दादा, आता काय त्याचं..." मी रडतच बाहेर निघून आलो.

परवा तिची खोली आवरायला गेलो होतो. बेल वाजली. शेजारची सातेक वर्षांची मुलगी, गुडघा सोलवटलेला. "आजी नाहीत हे माहितीये," ती म्हणाली, "पण औषधाची पेटी त्या खिडकीत आहे. आजी आधी सगळं ऐकून घ्यायच्या, मग औषध लावायच्या."

मी पेटी काढली. मुलीने सांगायला सुरुवात केली. मांजराच्या मागे धावताना बादलीत पाय अडकला, बादलीसकट ती जिन्यावरून... मला हसू आलं. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आजी हसायच्या नाहीत," ती म्हणाली.

मी खाली बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. पहिल्यापासून सांग."