फासाले का खायाले?

धाड गावच्या बाजारात एकाची बेकरी आहे. केक मागितला की तो मान वर न करता विचारतो, "फासाले का खायाले?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे अर्धा केक वाढदिवसवाल्याच्या तोंडालाच फासतात. दोन्हींत फरक काय, विचारलं तर म्हणतो, "फासाचा पोटात गेला तं मंग मले बोलाचं नाई." स्वतःच्या मालाला त्याने कधी तोंड लावलेलं मी पाहिलं नव्हतं. दुपारी तो घरची भाकर खातो.

मी कुत्र्यासाठी केक मागितला तेव्हा मात्र त्याने मान वर केली. "कुत्रं कोनाच्या तोंडाले फासत नाई, भाऊ. ते खाईनच." मग त्याने ज्वारीचं पीठ, अंडं आणि कुस्करलेलं केळं घेतलं. साखर नाही. मी चॉकलेटचं नाव काढताच खेकसला, "मारता काय त्याले? मनुकाबी जहर असते!" केक भट्टीतून निघाल्यावर त्याने कोपरा मोडून आधी स्वतः खाल्ला. मग दुसराही मोडला.

गेल्या आठवड्यात माझा वाढदिवस होता. त्याने नेहमीचं विचारलं. मी हळूच म्हणालो, "कुत्र्यासाठी."

ज्वारीच्या पिठाचा डबा उघडत तो म्हणाला, "बरं. वर नाव तुमचंच टाकू ना?"