सोयरिकीतली वाइन

माझ्या पिण्यापायी बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं. मी पीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

धाकट्या मंदाला अंबडचं स्थळ आलं. मुलगा विलास, एमएस्सी, बोलायला नम्र, नोकरी नाशिकला. मंदालाही पसंत (ती दोन दिवस विनाकारण हसत होती). तेवढ्यात कुणीतरी आमच्या वडिलांच्या, बापूंच्या, कानावर घातलं की मुलगा वाइनच्या कारखान्यात केमिस्ट आहे.

"म्हंजे दारूच्या भट्टीवर," बापू म्हणाले. "हलवायाच्या दुकानातला माणूस पेढा न खाता ऱ्हातो व्हय?"

मंदाचा चेहरा उतरला. मी थोरला भाऊ, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर. बी उगवतं की नाही ते तपासणं माझं रोजचं काम. तेव्हा मुलगाही मीच तपासतो, असं मी जाहीर केलं. बेत सोपा होता. त्याला दुपारी जेवायला न्यायचं, आपणच वाइन मागवायची आणि तो किती पितो ते बघायचं.

विलासरावांना मी आमच्या कॉलनीजवळच्या हॉटेलात नेलं. तिथले वेटर रामभाऊ मला कित्येक वर्षं ओळखायचे.

"रामभाऊ, वाइन आणा."

"तुम्हाला? तुम्ही तर ताक घेता."

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला. तो विलासरावांना लागला. त्यांनी "सॉरी" म्हणून स्वतःचाच पाय मागं घेतला.

"कंची आणू?" रामभाऊंनी विचारलं. "लाल हाय, पांढरी हाय."

"ताजी कोणती?" (मेथीची जुडी घ्यावी तसं मी विचारलं.)

"दोन्ही हॉटेल उघडलं तव्हा आल्त्या. लाल काचंच्या कपाटात उन्हाला ठिवलीय, पांढरी फ्रिजात हाय."

विलासराव हळूच म्हणाले, "मंग पांढरी बरी राहील."

आला जाळ्यात, मी मनात म्हणालो. पण आपणही काही कमी नाही हे दाखवायला हवं होतं. "शेवभाजीसोबत लालच बराबर," मी ठणकावलं.

बूच काढायचं यंत्र हॉटेलात नव्हतं. रामभाऊंनी चमच्याच्या दांड्यानं बूच आत ढकललं आणि पाव बाटली माझ्या पांढऱ्या शर्टावर आली. उरलेली स्टीलच्या ग्लासांत ओतली. विलासरावांनी वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला, उठले आणि बेसिनमध्ये थुंकून आले.

"खराब झालीय. पिऊ नका."

"मंग कारखान्यात काय करता?"

"तिथंबी चाखतो अन् थुंकतो. एरवी बिलकुल घेत न्हाई."

परीक्षा इथंच संपली होती. पण मला वाटलं, हा लाजतोय. आपण प्यायलो की मोकळा होईल. मी ग्लास तोंडाला लावला. चिंचेच्या कोळात गंज कालवल्यासारखी चव होती. "मला सवय आहे," असं म्हणून मी दुसरा घेतला.

तिसऱ्यानंतरचं मला रामभाऊंकडून कळलं. मी विलासरावांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो, मंदाला सांभाळा म्हणालो, आणि थोड्या वेळानं रामभाऊंनाही मंदाला सांभाळायला सांगितलं.

भर दुपारी चार वाजता विलासरावांनी मला स्कूटरवर मागं बसवून, त्यांच्याच मोठ्या रुमालानं स्वतःच्या कमरेला बांधून, घरी आणलं. अख्खी कॉलनी दारात उभी होती. बापूंनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पोरगं चांगलं हाय," ते म्हणाले. एवढंच.

दोन दिवसांनी अंबडहून फोन आला. मुलगी पसंत आहे, पण तिचा भाऊ कधीपासून पितो? मंदानं माझ्याशी बोलणं सोडलं. शेवटी बापूंनी मला अंबडला नेलं आणि मी भरल्या घरापुढं सगळा बेत कबूल केला. कुणाचाच विश्वास बसेना. विलासरावांचे वडील पानाला चुना लावता लावता म्हणाले, "सगळे पिणारे असंच सांगून राह्यले."

तेव्हा विलासराव पुढं आले. "बाबा, ती बाटली मी चाखलीय. कधी पेलेला माणूस तिचा दुसरा घोट घेणार न्हाई. हे तर तीन ग्लास पेले. यांनी जन्मात कधीच घेतलेली न्हाई, हे मी लिहून देतो."

घर हसलं, सोयरीक जमली. अडाणीपणाचं असं लेखी प्रमाणपत्र मिळालेला आमच्या घराण्यात मी पहिलाच.

लग्नात कानपिळीला माझं नाव पुकारलं. मी नवरदेवाचा कान पिळायला वाकलो, तर त्यांच्या मामांनी मला मध्येच थांबवलं आणि दोनशे पाहुण्यांसमोर म्हणाले, "आधी तोंडाचा वास द्या."