अक्काच्या मांडीतली प्लेट

आमच्या कारखान्याच्या एका अंगाला डाळ मिल, दुसऱ्या अंगाला प्लास्टिकच्या चटया, आणि मधे आम्ही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत कुणी विचारलं, तुम्ही काय बनवता, की माझी पंचाईत व्हायची. मोडकी हाडं जोडायच्या स्टीलच्या पट्ट्या आणि त्यांचे स्क्रू, असं सांगितलं की माणूस आधी माझ्याच पायांकडे बघायचा. डॉक्टर त्या पट्टीला प्लेट म्हणतात, आम्हीही प्लेटच म्हणायचो. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचं सोपं करून टाकलं होतं. माझी पोर पाय बनवते, असं ते पारावर सांगायचे. मी चिडले की म्हणायचे, मग काय खुर्च्यांचे पाय बनवते म्हणून सांगू?

धुळ्याला देवपुरात खोली घेऊन मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला होता आणि ऐंशीच्या दशकात या कारखान्यात प्लेटांची ड्रॉइंग्ज काढायला लागले. स्वभाव मुळातच तिखट, त्यात काम असं की केसाएवढी चीरही चालायची नाही. तयार प्लेट भिंगाखाली धरायची आणि भोकाच्या कडेला जरा ओरखडा दिसला तरी परत पाठवायची. कामगार मागून म्हणायचे, ताई नवरासुद्धा भिंगाखाली धरूनच पसंत करतील. केलाच नाही मी, तो भाग वेगळा. पण प्लेट कुठे मोडते ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ती स्क्रूच्या भोकाशी मोडते.

त्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण, आमची अक्का, सासरी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घालून उतरताना शिडीवरून पडली. मांडीचं हाड मोडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि प्लेट बसवली. प्लेट आमच्याच कारखान्याची, माझ्याच ड्रॉइंगची. आबांना काय आनंद! पोरीचं हाड मोडल्याचं दुःख बाजूला, एका पोरीनं दुसरीला पाय दिला हेच जो येईल त्याला सांगत बसले.

डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवाळीपर्यंत पाय टेकवायचा नाही. मीही अक्काच्या सासरी जाऊन तिच्या खाटेवर बसून तेच समजावलं. प्लेट चालण्यासाठी नसते, हाड जुळेपर्यंत ते हलू नये म्हणून असते. हाड जुळायच्या आधी चाललीस तर सगळा भार प्लेटीवर येईल. तिच्या अंबाड्यातली पिन काढून मी वाकवून दाखवली. एकदा वाकवली तर काही होत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवत राहिलं की तुटते. माझ्या हातात पिन तुटली तेव्हा अक्का हसली आणि म्हणाली, नवी आणून दे. तिला किती समजलं देव जाणे.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ घालतात, चौरंगावर मांडतात, रात्रभर जागवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. अक्काच्या सासरी तो चौरंग डोक्यावर घ्यायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे तिचा. तिच्या धाकट्या जावेचा त्यावर डोळा होता, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही हे अक्का जाणून होती. त्या सकाळी सासूबाईंनी विचारलं, पाय झेपेल का? अक्का म्हणाली, बहिणीचा निरोप आलाय, प्लेट मोडत नाही, खुशाल घे म्हणाली. मग कोण कशाला अडवतंय? कानबाई डोक्यावर घेऊन ती वेशीपर्यंत गेली आणि तिथे खाली बसली ती उठलीच नाही.

हा निरोप मी कधीच पाठवला नव्हता.

धुळ्याला दुसरं ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मांडीत भरला, नवी प्लेट लावली. मोडलेल्या प्लेटीचे दोन तुकडे डॉक्टरांनी मला बाटलीत घालून दिले. ते मी जळगावला आणले आणि भिंग काढलं. कारखान्याचे मालक, आमचे शेठ, शेजारी येऊन उभे राहिले. भला माणूस. म्हणाले, खोट निघाली तर लपवू नका, त्याच स्टीलमधून कापलेल्या प्लेटा गावोगाव गेल्यात, सगळ्या परत मागवू. मला तीच धास्ती होती. आणखी कुणाकुणाच्या मांडीत त्या बसल्या असतील?

प्लेट भोकाशीच मोडली होती. मोडलेल्या तोंडावर बारीक रेघा होत्या, एकीमागे एक, हळूहळू आत सरकत गेलेल्या. हे एका सकाळचं काम नव्हतं. बरेच दिवस रोज थोडी थोडी वाकत ती मोडली होती. अक्का आधीपासूनच चालत होती. त्याच स्टीलच्या शिल्लक प्लेटा आम्ही कापून पाहिल्या, वाकवून पाहिल्या. कुठेच खोट नव्हती. मी खुर्चीत बसले आणि रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले, बहिणीसाठी नाही. ते नंतर आलं.

रविवारी दवाखान्यात गेले तर खाटेभोवती सगळं सासर जमलेलं. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, भिंतीला टेकून उभे. सासूबाई माझ्यावर तुटून पडल्या. म्हणाल्या, तुझ्या निरोपावर विसंबून आम्ही तिला देवी दिली, आता लंगडी सून आमच्या गळ्यात. कारखान्यात काय पत्रे कापता का? पलीकडच्या खाटेवरचे लोकही ऐकत होते. त्यातल्या एकाच्या पायात आमचीच प्लेट होती.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिला काय हवंय ते मला कळलं होतं, न कळायला काय झालं? एवढंच, की मी मान खाली घालावी. हो, मीच म्हणाले होते, असं म्हणून टाकावं. तिची अब्रू त्या घरात तेवढ्यावर लटकली होती. आणि त्या पलीकडच्या माणसानं मग काय समजायचं? आपल्या पायात काय घातलंय?

"प्लेटीत खोट नव्हती," मी म्हटलं. "अक्का आधीपासून चालत होती. आणि मी तिला चालायला नाहीच म्हटलं होतं."

सासूबाईंनी अक्काकडे वळून फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे तू आम्हाला खोटं सांगितलंस?"

अक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी खरं बोलले आणि आज विचाराल तरी तेच बोलेन. पण संताप येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मोडका पाय घेऊन ती महिनाभर त्या घरात भाकरी थापत होती, पाणी भरत होती, आणि ते बठ्ठ्या घराला, एकूण एकाला, दिसत होतं. तिला चालायला कुणी लावलं, असं तिथे कुणीच विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. तोंडाची एवढी फटकळ मी, त्या वेळी मला प्लेटीपुढचं काही दिसलंच नाही.

दवाखान्यातून तिला आबांकडे पाठवलं. पाय नीट झाला की न्यायला येऊ, असं दाजी म्हणाले. आबांनी खाट ओसरीवर टाकली आणि पारावर जाणं बंद केलं. अक्का माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. पुढच्या श्रावणात कानबाई धाकट्या जावेच्या डोक्यावर गेली.

हाड जुळलं. पाय थोडा आखूड झाला, पण जुळलं. आणखी वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, आता प्लेट काढून टाकू. मी सुट्टी काढून धुळ्याला गेले. शरीरातून निघालेली प्लेट आम्हाला बघायला मिळाली तर हवीच असायची, म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं. अक्कानं ती रुमालात बांधून उशाखाली ठेवली होती. तिने गाठ सोडून माझ्या हातावर ठेवली.

"धर," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "तुनीच शे ती. मनी कधी नव्हतीच."

जळगावला येऊन मी ती भिंगाखाली धरली. सगळी भोकं पाहिली, कडा पाहिल्या. एकही रेघ नव्हती. शेठ इतके खूश झाले की डॉक्टरांना दाखवायला काचेच्या पेटीत ठेवू म्हणाले. मी नाही म्हटलं.

रेघ कुठून येणार? दोन वर्षं अक्का आबांच्या ओसरीवर बसून होती, आणि तिला न्यायला कुणी आलं नव्हतं.