धरणाचा मासा, तळ्याचा मासा

परतूर मागे पडलं आणि एसटी आष्टीच्या रस्त्याला लागली, तेव्हा दोन्ही बाजूंना कापसाची कोवळी रोपं वाऱ्यावर हलत होती. आष्टीला उतरताना पहिलाच पाय चिखलात गेला. चप्पल ओढून काढली तर तिचा अंगठाच तुटलेला. ती हातात धरून मी अनवाणी मासळीबाजारात शिरले आणि माझ्या मावसबहिणीला, शोभाताईला, शोधू लागले.

शोभाताई धरणाकाठच्या गावात राहते. तिथे मासेमारांची सोसायटी आहे आणि ती तिची अध्यक्ष. तिच्या पुढ्यात धरणातले रोहू आणि एक लांबलचक वांब (सापासारखा दिसणारा मासा) मांडलेली होती. गिऱ्हाईक मात्र पलीकडच्या टेम्पोभोवती जमलं होतं. तिथे शेततळ्यात वाढवलेला पंगस विकायला होता. सगळे मासे एका मापाचे आणि भाव धरणाच्या माशाहून कितीतरी उतरलेला. टेम्पो होता तिच्या धाकट्या दिराचा, संतोषचा. सोसायटी सोडून त्याने शेतात तळी खोदली, तेव्हापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद होतं.

संध्याकाळी तिने येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ) लावून वांबीचं कालवण केलं. ज्वारीच्या भाकरीबरोबर मी पोटभर जेवले. शोभाताई नुसतीच भाकरी मोडत बसली. मग हळूहळू सांगू लागली. पावसाळ्यात मासा अंड्यावर येतो, म्हणून सोसायटी त्या दिवसांत धरणात जाळं टाकत नाही. एरवीही मोठ्या आसाचं (भोकाचं) जाळं वापरते, लहान मासा निसटून जावा म्हणून. पण शेततळ्याच्या माशाने भाव पाडले, तसं सभासदांत चुळबुळ सुरू झाली होती. बंदी उठवा, बारीक जाळी आणा, सापडेल ते काढा, असं काहींचं म्हणणं. यंदाची बंदी चार दिवसांवर आली होती आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच बैठक होती.

सकाळी मी तिच्यामागोमाग पाण्यावर गेले. थर्माकोलच्या तराफ्यांवर मांडी घालून बसलेली माणसं जाळी गोळा करत होती. वाऱ्याने पाणी करड्या रंगाचं झालं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. जाळी आवरून सगळे सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमले.

किसनमामा सगळ्यांत जुने सभासद. ते शांतपणे म्हणाले, "शोभा, बंदी बराबर आहे. मी बी पाळत आलोय. पण मंग हे महिने खायचं काय? आपुन जाळं गुंडाळून बसायचं, अन् तेवढ्यात गिऱ्हाईक पंगसाला सोकावतं. परत येत न्हाई."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

शोभाताई म्हणाली, "स्वस्ताईत आपुन तळ्याला हरवू शकत न्हाई, मामा. त्याला खाद्य घातलं की तो वाढतो. आपल्याजवळ आहे काय? मोठा मासा अन् त्याची चव. आज अंड्यावरची मादी काढली तर दिवाळीनंतर ते बी राहणार न्हाई."

पण खायचं काय, हा प्रश्न राहिलाच. संध्याकाळी परत बसायचं ठरवून तिने बैठक थांबवली आणि शेडमधून निघाली ती थेट संतोषच्या शेताकडे. मी मागे.

संतोष तळ्यात खाद्य टाकत होता. पाणी उकळल्यासारखं मासे वर येत होते. भावजयीला पाहून त्याचा हात थांबला. त्याने बसायला सांगायचीही वाट शोभाताईने पाहिली नाही.

"भाऊजी, बंदीच्या दिवसांत तुमचा मासा आमच्या बायांना द्या. आम्ही विकू."

त्याने खाद्याचं घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाला, "वहिनी, मीच तुमचा बाजार मोडला म्हणून गावभर बोललं जातं. अन् तुमी माझा मासा विकणार?"

"विकीन. पण तळ्याचा म्हणूनच विकीन. धरणाचा म्हणून बिलकुल न्हाई."

संतोष हसला. त्याचीही अडचण होतीच. टेम्पोचा खर्च परवडत नव्हता. शिवाय थंडीत पंगस वाढत नाही, मरतो. त्यामुळे थंडीच्या आत त्याला तळं रिकामं करावंच लागे. आणि तळं रिकामं झालं की धरणाचं जाळं पुन्हा सुरू होणार. दोघांचे दिवस एकमेकांच्या आड येतच नव्हते. हे ध्यानात यायला दोघांनी आधी एकमेकांशी बोलायला हवं होतं, एवढंच.

संध्याकाळी शोभाताईने संतोषचा मासा विकायची गोष्ट बैठकीत मांडली आणि बंदी कायम राहिली. सगळ्यांत आधी हात वर केला किसनमामांनी.

मी पुढच्या बाजारापर्यंत मुक्काम वाढवला. त्या दिवशी आष्टीत सोसायटीच्या बाया ओळीने पंगस घेऊन बसल्या. एका शिक्षकांनी धरणाचा रोहू मागितला. शोभाताई म्हणाली, "सर, धरण आता बंद आहे. हा शेततळ्यातला आहे, चालत असंल तर घ्या." ते काही न घेता गेले. मला वाटलं, आता हिचा चेहरा पडणार. पण ती त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून म्हणाली, "थंडीत येतील बघ. त्यांना फरक कळतो, हेच पाहिजे आपल्याला." दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या झाल्या.

परतीच्या एसटीत तिने बांधून दिलेल्या तळलेल्या माशाचा वास सुटला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "धरणाचा आहे का?"

"नाही, तळ्याचा," मी म्हणाले. "आमचं धरण सध्या बंद असतं. मासा अंड्यावर आहे."

नाशिकला संसार थाटून मला कितीतरी वर्षं झाली. जाळं तर मी कधीच टाकलं नाही. तरी 'आमचं धरण' हे शब्द तोंडून आपसूक निघाले, आणि सबंध एसटीला ऐकू जातील इतक्या मोठ्याने.